खोटं गिऱ्हाईक, खरी कैद

मैत्रिणींनो, सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करते.

चार वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या बायकांनी पोलीस चौकीवर मोर्चा नेला. मागणी एकच होती : गर्दच्या पुड्यांचा धंदा बंद करा. पोरं वाया चालली होती. घरातली भांडी, गॅसची टाकी, आईच्या कानातलं, सगळं पुडीपायी विकलं जात होतं. साहेबांनी निवेदन घेतलं, चहा पाजला, 'कारवाई करतो' म्हणाले. आणि पंधरा दिवसांत कारवाई झालीही. साध्या वेशातला एक माणूस गिऱ्हाईक बनून गेला, त्याने पुडी मागितली, नोट दिली, खूण केली आणि छापा पडला. पकडली गेली ती नळाजवळच्या खोलीत राहणारी एक विधवा. आम्ही टाळ्या वाजवल्या. बैठकीच्या वहीत 'यश' म्हणून नोंदही केली.

काही महिन्यांनी तिची मुलगी आमच्या केंद्रात आली. 'ताई, आईला जामीनदार कोण होईल?' एवढंच विचारत होती. कोर्टाने जामीन दिला होता, पण जामीनदार मिळत नव्हता. मुलीच्या हातात दोषारोपपत्राची नक्कल होती. ती वाचायला घेतली आणि आमची मान खाली गेली. गिऱ्हाईक बनून गेलेल्या माणसाचं नाव साक्षीदारांच्या यादीतच नव्हतं. दोन पंचांपैकी एक चौकीसमोरचा टपरीवाला. गिऱ्हाइकाने दिलेल्या नोटेचा नंबर पंचनाम्यात होता, पण जप्त मुद्देमालाच्या यादीत नोट नव्हती. झडती कोणी घेतली, तर 'महिला पोलीस', नाव नाही. आणि वजन सहा ग्रॅम. ते कागदी पुड्यांसकट केलं की माल बाहेर काढून, याचा उल्लेख नाही.

हेरॉइन, म्हणजे आपल्या भाषेत गर्द, पाच ग्रॅमपर्यंत असलं तर जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा होते. पाचाच्या वर गेलं की शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे रद्दी कागदाच्या वजनावर एका बाईची नऊ वर्षं टांगलेली होती.

ती विकत होती का? बहुधा होती. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण 'सगळ्यांना ठाऊक आहे' हा पुरावा नव्हे. तसं असतं तर आपल्यापैकी किती जणींना गावाने कधीच 'चालू' ठरवून शिक्षा दिली असती! आणि तिला पुड्या आणून देणारा मोटारसायकलवाला छाप्यानंतर तिसऱ्या दिवशी पुढच्या गल्लीत दुसऱ्या एका बाईच्या दाराशी उभा होता.

म्हणून हा लेख. आमचं म्हणणं सरळ आहे. गर्दचा धंदा मोडायचा असेल, तर विक्रीचा आरोप पोलिसांच्या एकट्या शब्दावर सिद्ध होता कामा नये. कच्चा पुरावा गरीब बाईला आत ठेवतो आणि बड्या धंदेवाल्याला बाहेर काढतो. दोन्ही बाजूंनी नुकसान आपलंच आहे.

आपली चळवळ कुठून सुरू झाली?

काहीजणी म्हणतील, हा वकिलांचा विषय, स्त्री-चळवळीचा याच्याशी काय संबंध? संबंध मुळापासून आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सर्वोच्च न्यायालयाने त्या दोन पोलिसांना १९७८ मध्ये निर्दोष सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून तिचा शब्द खोटा आणि पोलिसांचा खरा. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, देशभर मोर्चे निघाले. आपल्यातल्या कित्येक जणी त्याच लाटेत घराबाहेर पडल्या.

म्हणजे पोलीस ठाण्याच्या भिंतीआड काय घडलं, हे पोलीस सांगतात म्हणून खरं मानायचं नाही, या नकारातून आपली चळवळ उभी राहिली. मग तोच पोलीस एका गरीब बाईला 'पुडीवाली' म्हणतो तेव्हा आपण टाळ्या कशा वाजवतो?

खोटं गिऱ्हाईकही आपल्याला नवीन नाही. देहविक्रीच्या अड्ड्यांवर छापे पडतात तेव्हा हाच प्रकार चालतो. गिऱ्हाईक आत जातं, खूण करतं, पोलीस घुसतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तोंडावर ओढणी घेतलेल्या बायकांचे फोटो छापून येतात. मालक, दलाल, हप्ता घेणारे फोटोत नसतात.

पुडी आणि पंचनामा

कायदा काय सांगतो ते आधी नीट समजून घेऊ. अमली पदार्थांबाबतचा कायदा १९८५ चा. सगळीकडे त्याला एनडीपीएस कायदा म्हणतात. १९८९ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा वजनावर ठरू लागली : थोडा माल, मधला माल आणि व्यापारी प्रमाणातला माल. गांजा एक किलोपर्यंत थोडा, वीस किलोपासून व्यापारी. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत थोडं, अडीचशे ग्रॅमपासून व्यापारी. शहरातल्या पोरांत पसरलेलं एमडी दोन ग्रॅमपर्यंत थोडं, पन्नास ग्रॅमपासून व्यापारी. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं, कमाल वीस.

या कायद्यात माल जवळ बाळगणं, नेणं-आणणं, विकणं, विकत घेणं, सगळ्याला एकच माप लावलेलं आहे. शिक्षा वजनावर ठरते. त्यामुळे विक्री सिद्ध करायची तसदी पोलिसांना बहुतेक वेळा घ्यावीच लागत नाही. झडतीत माल सापडला की काम झालं. म्हणूनच झडतीवर कायद्याने बंधनं घातली. कलम ५० सांगतं की अंगझडतीआधी त्या व्यक्तीला सांगायला हवं : तुझी झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्यायची मागणी करण्याचा तुला हक्क आहे. बाईची झडती फक्त बाईनेच घ्यायची, हेही त्याच कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात आणि २०१० मध्ये विजयसिंह जडेजा खटल्यात हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं : हा हक्क सांगितलाच पाहिजे, नाही सांगितला तर त्या झडतीत सापडलेल्या मालावर शिक्षा उभी राहत नाही.

ऐकायला छान वाटतं. पण कलम ५० फक्त अंगझडतीला लागू आहे. हातातल्या पिशवीला, घरातल्या डब्याला ते लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा एकदा सांगितलं. म्हणजे पुडी बाईच्या कनवटीला असेल तर तिला हक्क आहे, भाजीच्या पिशवीत असेल तर नाही. आणि पुडी कनवटीला सापडली की पिशवीत, हे पंचनाम्यात कोण लिहिणार? ज्याने पकडलं तोच.

आता खोट्या गिऱ्हाइकाची खुबी पाहा. गिऱ्हाइकाला दिलेली पुडी झडतीत सापडलेली नसते, बाईने ती 'स्वतःच्या हाताने' दिलेली असते. तिथे कलम ५० चं संरक्षण पोचतच नाही. ती पुडी खरंच तिने दिली, की गिऱ्हाईक खिशातच घेऊन आलं होतं? पैसे त्याने दिले, की आधी उधार म्हणाला? विषय कोणी काढला? तिने नाही म्हटलं असताना त्याने किती वेळा गयावया केली? यातलं काहीही त्या दोघांखेरीज कोणाला माहीत नसतं. सगळा खटला एका माणसाच्या तोंडावर उभा असतो.

गिऱ्हाईक कोर्टात का येत नाही?

आणि नेमका तोच माणूस पुष्कळदा कोर्टात येत नाही. 'गुप्त बातमीदार आहे, नाव सांगता येत नाही' असं उत्तर मिळतं. कायद्याचं कलम ६८ पोलिसांना खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती करत नाही, हे खरं. पण खबऱ्या वेगळा आणि गिऱ्हाईक वेगळं. खबऱ्या लांबून बोट दाखवतो. गिऱ्हाईक व्यवहारात स्वतः सामील असतं. ते साक्षीदार आहे, तेही एकमेव. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये, रोव्हिआरो नावाच्या हेरॉइनच्या खटल्यात हाच फरक केला. जो हस्तक व्यवहारात स्वतः सामील होता, त्याचं नाव सरकारला लपवता येणार नाही. कारण आरोपीच्या बचावाचा तोच एक दुवा असू शकतो, असं न्यायालय म्हणालं.

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. गिऱ्हाइकाने आधीपासून चाललेला गुन्हा उघडा पाडला, की स्वतः गुन्हा घडवून आणला? पोर्तुगालमध्ये साध्या वेशातल्या दोन पोलिसांनी एका माणसाला हेरॉइन आणून द्यायला लावलं. त्याच्यावर आधी संशय नव्हता, त्याच्याविरुद्ध तपास चालू नव्हता. मधल्या माणसाने त्याचं नाव सुचवलं एवढंच. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९८ मध्ये निकाल दिला की पोलिसांनी गुन्हा घडवला, त्यामुळे हा खटला न्याय्य नव्हता. आपल्याकडे? एनडीपीएस कायद्यात मालावर नजर ठेवून तो पुढे जाऊ देण्याची तरतूद आहे, कलम ५०-अ. पण खोट्या गिऱ्हाइकाने कसं वागायचं, कुठे थांबायचं, याचा नियम त्यात नाही. आणि पोलिसांनी फूस लावली हा स्वतंत्र बचाव म्हणून आपल्या कायद्यात लिहिलेला नाही.

विचार करा. नवरा दारूत गेलेला, घरात खायला नाही, आणि दाराशी आलेला माणूस म्हणतो, 'मावशी, तडफडतोय हो, कुठून तरी एक पुडी आणून द्या, शंभर रुपये वर देतो.' आपल्या वस्तीतल्या किती जणी नाही म्हणतील? त्या गुन्हेगार की त्यांच्या भुकेवर सापळा लावणारे?

टुलियाचा धडा

एकट्या गुप्त पोलिसाच्या शब्दावर विसंबलं की काय होतं, हे अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने सगळ्या जगाला दाखवलं आहे. टुलिया हे तिथलं पाचेक हजार वस्तीचं गाव. टॉम कोलमन नावाचा गोरा पोलीस तिथे दीडेक वर्ष साध्या वेशात फिरला आणि आपण अनेकांकडून कोकेन विकत घेतलं असं त्याने सांगितलं. २३ जुलै १९९९ च्या पहाटे धरपकड झाली. एकूण ४६ जणांवर आरोप ठेवले गेले, त्यातले बहुतेक सगळे काळे. धरपकडीत ना कोकेन सापडलं, ना पैसा, ना हत्यारं. व्यवहारांचं ध्वनिमुद्रण नव्हतं, चित्रीकरण नव्हतं, सोबत दुसरा पोलीस नव्हता. तपशील तो कधी स्वतःच्या पायावर खरडून ठेवत असे! तरी त्या शब्दावर लोकांना नव्वद वर्षांपर्यंतच्या आणि त्याहूनही मोठ्या शिक्षा झाल्या. कोलमनला मात्र त्या राज्यात उत्तम पोलीस म्हणून गौरवण्यात आलं.

त्या आरोपींत एक काळी बाई होती. ज्या दिवशी तिने कोकेन विकलं असं कोलमन सांगत होता, त्या दिवशी ती शेजारच्या राज्यातल्या शहरात बँकेत होती. बँकेचा कागद सापडला म्हणून २००२ मध्ये तिच्यावरचा खटला मागे घ्यावा लागला. आणि ज्यांच्याकडे त्या दिवसाचा कागद नव्हता त्या? त्या तुरुंगात राहिल्या. २००३ मध्ये न्यायाधीशांनी कोलमनची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी नाही असं नोंदवलं, आणि राज्याच्या गव्हर्नरने ३५ जणांना माफी दिली. २००५ मध्ये कोलमन खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला. त्याची शिक्षा काय? दहा वर्षं देखरेखीखाली, पण तुरुंगाबाहेर.

मैत्रिणींनो, आपल्या वस्तीतल्या कोणत्या बाईकडे मंगळवारी दुपारी चार वाजता आपण कुठे होतो याचा कागद असतो? आपण पाण्याच्या रांगेत असतो, चार घरची धुणीभांडी करत असतो. त्याची पावती कोणी देत नाही.

ओझं कोणाच्या डोक्यावर?

एरवी फौजदारी कायद्यात सरकारने गुन्हा सिद्ध करायचा असतो. एनडीपीएस कायद्यात हे ओझं बरंचसं आरोपीच्या डोक्यावर टाकलेलं आहे. माल जवळ सापडला तर तो गुन्ह्याचाच, असं कलम ५४ धरून चालतं. मनात गुन्ह्याचा हेतू होता असं कलम ३५ गृहीत धरतं, आणि तो नव्हता हे आरोपीने संशयापलीकडे सिद्ध करायचं. नवऱ्याने माळ्यावर काय ठेवलं हे बायकोला माहीत नव्हतं, हे बायकोनेच सिद्ध करायचं!

इथे कोणी आपल्याला विचारेल : ओझं उलटं फिरवा ही मागणी तुम्हीच केली होती ना? हो, केली होती. मथुरेच्या प्रकरणानंतर १९८३ मध्ये पुराव्याच्या कायद्यात ११४-अ हे कलम आलं. कोठडीतल्या बलात्कारात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाई कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तसं मानायचं. पण तिथे ओझं वर्दीच्या खांद्यावर गेलं. चावी त्यांच्याकडे, कागद त्यांच्याकडे, दार बंद करणारे ते. इथे ओझं त्या बाईवर, जिच्याकडे ना चावी आहे ना कागद. ओझं फिरवणं एकवेळ समजू शकतं. ते ताकदवानाकडून दुबळ्याकडे फिरवणं हा न्याय नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नूर आगा खटल्यात बजावलं की ही कलमं लावण्याआधी सरकारने पायाभूत गोष्टी पक्क्या सिद्ध केल्या पाहिजेत. पाया म्हणजे काय? गिऱ्हाईक, नोट, झडती, वजन, नमुना. नेमका तोच कच्चा असतो.

वजनाचीच गोष्ट घ्या. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात ठरवलं की मालात केलेली भेसळही वजनात धरायची. वरचा व्यापारी शुद्ध माल विकतो. खाली येता येता त्यात भुकटी मिसळली जाते. पुडीवाल्या बाईच्या हातात येतो तो सगळ्यात भेसळीचा माल. म्हणजे साखळीत जी सगळ्यात खाली, तिच्या वजनात भुकटी सगळ्यात जास्त. त्या भुकटीचीही शिक्षा तिनेच भोगायची.

जामिनाचं बघा. व्यापारी प्रमाण असलं की कलम ३७ लागतं : आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, आणि सुटल्यावर ती पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या २००२ च्या कायद्यातही अशीच कडक अट आहे. पण त्या कायद्यात बाईला, आजाऱ्याला, सोळा वर्षांखालच्याला सवलत द्यायची मुभा कलम ४५ मध्ये आहे. एनडीपीएसच्या कलम ३७ मध्ये बाईसाठी एक शब्द नाही. पैशांच्या थैल्या फिरवणाऱ्या बाईला सवलत मिळू शकते. पोत्यातून गांजा वाहून नेणाऱ्या हमाल बाईला नाही.

आणि खटला खोटा निघाला तर? केरळमध्ये ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एका बाईला २०२३ मध्ये खोट्या खबरीवरून पकडलं. तिच्या पिशवीत एलएसडीचे तुकडे सापडले असं सांगितलं गेलं. ७२ दिवस ती तुरुंगात होती. प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा त्यात अमली पदार्थ नव्हताच. विनाकारण झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ५८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. एका बाईच्या ७२ दिवसांची किंमत हजार रुपये!

मोठ्यांचंही पाहिलंय आपण. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझवरच्या छाप्यात एका बड्या नटाच्या मुलाला अटक झाली. त्याच्याजवळ काहीच सापडलं नव्हतं. छाप्यातल्या एका पंचालाच पुढे फसवणुकीच्या दुसऱ्या गुन्ह्यात अटक झाली. मे २०२२ मध्ये पुरावा नाही म्हणून दोषारोपपत्रातून त्या मुलाचं नाव वगळलं गेलं. नामांकित वकिलांची फौज असूनही तो जवळपास चार आठवडे आत होता. नळाजवळच्या खोलीतल्या बाईला वकिलांची फौज कोण देणार?

'मग धंदेवाल्यांना सोडायचं का?'

आमच्या बैठकीत हे सगळं मांडलं तेव्हा एक आई उठून उभी राहिली. तिचा मुलगा गर्दने गेला. ती म्हणाली, 'तुम्हाला कायदा सुचतोय, मला माझा पोरगा दिसतोय.' तिच्यापुढे बोलायला आमची जीभ उचलत नव्हती. पण उत्तर द्यायला हवं, आणि ते तिच्यासाठीच द्यायला हवं.

कच्च्या पुराव्याने तिच्या पोराला न्याय मिळत नाही. पुडीवाली बाई आत जाते, दुसरी तिच्या जागी बसते, मोटारसायकल येतच राहते. आणि कधी चुकून बडा व्यापारी सापडलाच, तर तो चांगला वकील देतो. वकील पंचनामा उलगडतो. पंच फितूर झालेला असतो. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर न काढता जागेवरच काढलेले असतात. २०१६ च्या मोहनलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२-अ प्रमाणे नमुने मॅजिस्ट्रेटसमोरच काढायला सांगितलं होतं, आणि २०२३ मध्ये एका आरोपीला याच कारणाने सोडलंही. व्यापारी सुटतो. म्हणजे तोच ढिसाळपणा गरिबाला सडवतो आणि श्रीमंताला सोडवतो. जी आई म्हणते 'धंदा बंद करा', तिनेच सगळ्यात आधी म्हटलं पाहिजे, 'पुरावा पक्का करा.'

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करू. खोटं गिऱ्हाईक आपणही पाठवलं आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ चा कायदा आला. तो राबवण्यासाठी महाराष्ट्रात कार्यकर्त्यांनी गरोदर बायकांना सोबत घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात सापळे लावले. त्या बायका पोटात बाळ घेऊन पुढे कोर्टात साक्षीला उभ्या राहिल्या. नोटांचे नंबर आधी लिहिलेले होते, बोलणं टेप केलेलं होतं. तरी डॉक्टरांच्या वकिलांनी त्यांना काय काय विचारलं ते आपल्याला आठवतं : तूच आग्रह केलास ना? पैसे तूच पुढे केलेस ना? तू त्यांची पगारी बाई ना? आपण त्या प्रश्नांना तोंड दिलं, कारण सापळा खरा असेल तर तो प्रश्नांना टिकतो. सोनोग्राफीच्या डॉक्टरला जी उलटतपासणी मिळते, ती पुडीवाल्या बाईला का मिळू नये? सापळ्याला आमचा विरोध नाही. कोर्टापासून तोंड लपवणाऱ्या सापळ्याला आहे.

'गिऱ्हाइकाच्या जिवाला धोका असतो' असं पोलीस सांगतात. काही वेळा तो खराच असतो. त्यासाठी २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, बंद दाराआड साक्ष घेता येते. आणि गिऱ्हाईक पोलीसच असेल तर त्याचं नाव हजेरीपटावर आहेच. तिथे कसला आलाय गुप्तपणा?

आपण काय मागायचं, आपण काय करायचं?

आमच्या मागण्या अशा :

१. ज्या खटल्यात खोट्या गिऱ्हाइकाकडून विक्री झाल्याचा आरोप आहे, तिथे गिऱ्हाइकाची साक्ष आणि उलटतपासणी झालीच पाहिजे. ती नसेल तर विक्री सिद्ध झाली असं मानू नये.

२. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचं चित्रीकरण सांगितलं आहे. सापळ्यात चित्रीकरण गिऱ्हाईक आत शिरण्याआधीपासून हवं. विषय कोणी काढला ते ऐकू आलं पाहिजे.

३. नोटांचे नंबर आधी नोंदवलेले हवेत आणि त्याच नोटा कोर्टात हजर झाल्या पाहिजेत.

४. बाईची झडती घेणाऱ्या महिला पोलिसाचं नाव पंचनाम्यात हवं. कलम ५० चा हक्क त्या बाईला तिच्या भाषेत सांगावा. छापील कागदावर नुसता अंगठा नको.

५. वजन कागद, पिशवी, डबा सोडून करावं आणि तसं लिहावं. प्रयोगशाळेच्या अहवालाला मुदत घालावी.

६. कलम ३७ मध्ये बाया, आजारी आणि लहान मुलांच्या आया यांच्यासाठी सवलत घालावी.

७. माल कोठून आला याचा तपास केला की नाही, हे पुडीच्या प्रत्येक दोषारोपपत्रात लिहिलेलं हवं. 'पुरवठादार अज्ञात' असं लिहून फाईल बंद करू नये.

या झाल्या सरकारकडच्या मागण्या. आता स्वतःकडच्या. छाप्याला महिला पंच हव्यात म्हणून पोलीस आपल्या कार्यकर्त्यांना बोलावतात. जरूर जा. पण कोऱ्या कागदावर सही करू नका. घटना डोळ्यांनी पाहिली नसेल तर 'माझ्यासमोर घडलं' असं लिहू देऊ नका. वजनकाट्यावरचा आकडा स्वतः वाचा. पुडी कनवटीला होती की पिशवीत, ते पाहा आणि तसंच लिहायला लावा. लाखेचं सील कधी, कोणासमोर लागलं ते आपल्या डायरीत लिहून ठेवा. खटला काही वर्षांनी उभा राहील तेव्हा तीच डायरी कामाला येईल. अटक झाली की दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या घरी जा. तिची मुलं कोणाकडे आहेत ते पाहा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तिला मोफत वकील मिळतो, हे तिला सांगा. आणि व्यसनात अडकलेल्या पोरासाठी कलम ६४-अ आहे : थोड्या मालाच्या गुन्ह्यात तो उपचाराला स्वतःहून तयार असेल तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. ही माहिती आपल्या वस्तीत किती आयांना आहे?

नळाजवळच्या खोलीतल्या त्या बाईला शेवटी आमच्यातल्याच एकीने जामीन दिला. ती आता दोन घरची कामं करते. खटला अजून उभा राहिलेला नाही. ती सुटेल की शिक्षा होईल, ते कोर्ट ठरवेल, आणि पुरावा तपासून ठरवावं एवढंच आमचं मागणं आहे.

बैठकीच्या वहीतली ती 'यश' ही नोंद आम्ही खोडली नाही. तिच्या शेजारी तारीख घालून एक ओळ लिहिली आहे : 'पंचनामा न वाचता टाळ्या वाजवल्या.' वस्तीत नव्या येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला आम्ही ती ओळ दाखवतो.